करार मध्येच सोडायचा असेल तर : अपवर्क या सेवेचे एका बाजूने केलेले परीक्षण

फ्रीलान्स कामासाठीच्या संकेतस्थळांचे परीक्षण बहुधा काम मिळवणाऱ्याच्या नजरेतून होते. प्रोफाइल कसे लिहावे, प्रस्ताव कसा पाठवावा, कमिशन किती कापले जाते, एवढ्यावर चर्चा थांबते. घेतलेले काम मुदतीआधी सोडण्याची वेळ आली तर तीच सेवा कशी वागते, हे फारसे कोणी तपासत नाही. क्लायंट आणि फ्रीलान्सर यांची गाठ घालून देणाऱ्या अपवर्क या संकेतस्थळावर मी स्वतः तासांचे आणि ठरीव रकमेचे असे दोन्ही प्रकारचे करार केले आहेत आणि त्यांतले काही ठरल्या मुदतीआधी संपवलेही आहेत. म्हणून या परीक्षणात प्रश्न एकच आहे : चालू करारातून फ्रीलान्सरला बाहेर पडायचे असेल, तर नोटीस, अडकलेले पैसे आणि नाव या तीन बाबतींत अपवर्क त्याला कितपत सांभाळून घेते?

ईलान्स आणि ओडेस्क या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून ही सेवा उभी राहिली आणि २०१५ मध्ये तिला अपवर्क हे नाव मिळाले. ओडेस्कची ओळख तासांवर मोजल्या जाणाऱ्या कामाची होती, ईलान्सची ठरीव रकमेच्या प्रकल्पांची. आजही अपवर्कवर हेच दोन प्रकारचे करार चालतात, आणि बाहेर पडण्याच्या दृष्टीने पाहिले तर ही दोन वेगळी संकेतस्थळे आहेत असे वाटावे इतका त्यांत फरक आहे.

आधी नोटीस पीरियडबद्दल, कारण नोकरी सोडून फ्रीलान्सकडे वळलेल्यांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. नोकरदाराला नोटीसच्या काळात पगार चालू राहतो, त्यामुळे तो काळ जाचक वाटला तरी फुकट जात नाही. फ्रीलान्सरने मात्र ‘महिनाभराची नोटीस देईन’ असे लिहून दिले आणि त्या महिन्यात किमान किती काम मिळेल हे करारात कुठेच नसेल, तर क्लायंट दुसऱ्याच दिवशी काम देणे थांबवू शकतो. फ्रीलान्सर मात्र महिनाभर उपलब्ध राहायला बांधलेला असतो. अशी नोटीस म्हणजे एका बाजूचे बंधन आणि दुसऱ्या बाजूची मोकळीक. अपवर्कने हा गुंता सोडवलेला नाही, टाळला आहे. दोन्ही पक्षांनी स्वतःच्या वेगळ्या अटी ठरवल्या नसतील तर सेवेच्या प्रमाणित अटी लागू होतात, आणि त्यांनुसार तासांचा करार कोणताही पक्ष कधीही, कारण असो वा नसो, कळवून संपवू शकतो. करार उघडायचा, ‘एंड कॉन्ट्रॅक्ट’ निवडायचे, यादीतून कारण द्यायचे, अभिप्राय नोंदवायचा आणि झाले. एवढी सोपी वाट मी इतर प्रकारच्या करारांत पाहिलेली नाही, आणि हा सोपेपणा मला पूर्णपणे चांगला वाटत नाही, याचे कारण पुढे येईल.

तासांच्या कराराची रचना बाहेर पडणाऱ्याला बरीच अनुकूल आहे. आठवडा सोमवारी सुरू होतो, रविवारी मध्यरात्री जागतिक प्रमाणवेळेनुसार संपतो, त्यानंतर क्लायंटला शुक्रवारपर्यंत तासांची तपासणी करता येते आणि आठवडा संपल्यापासून सुमारे दहा दिवसांनी पैसे हाती येतात. करार संपवल्याने हे चक्र मोडत नाही. शेवटच्या आठवड्यातील नोंदवलेले तास नेहमीच्या रीतीनेच वसूल होतात. त्यामुळे ‘मध्येच सोडले म्हणून केलेल्या कामाचे पैसे बुडतील’ ही भीती तासांच्या करारात बहुतांशी अनाठायी ठरते.

एक बारकावा मात्र जपावा लागतो. अपवर्कचे पैशांचे संरक्षण, ज्याला ते ‘अवरली प्रोटेक्शन’ म्हणतात, ते ट्रॅकर (कामाचा वेळ मोजणारे अपवर्कचे ॲप) लावून, ठरलेल्या साप्ताहिक मर्यादेच्या आत आणि काय चालले आहे ते लिहून नोंदवलेल्या तासांनाच मिळते. हाताने भरलेल्या तासांना ते मिळत नाही. आता काम सोडतानाचे शेवटचे दिवस कसे जातात ते पाहा : नव्या माणसाला समजावून सांगणे, फायली लावून ठेवणे, अर्धवट राहिलेल्या गोष्टींची टिपणे लिहिणे, एखाददुसरा लांबलेला कॉल. हे सगळे ‘खरे काम’ नाही असे समजून पुष्कळ जण ट्रॅकर बंद ठेवतात आणि नंतर अंदाजाने तास भरतात. म्हणजे ज्या आठवड्यात क्लायंटची मर्जी राखली जाईलच असे नाही, नेमक्या त्याच आठवड्याचे तास संरक्षणाबाहेर जातात. हस्तांतराचे काम हे कामच आहे आणि ते ट्रॅकर लावूनच करावे. तसेच करार संपला की त्यावर तास नोंदवता येत नाहीत, म्हणून बटण हस्तांतर पुरे झाल्यावरच दाबावे, रागाच्या भरात आधी दाबू नये.

ठरीव रकमेच्या कराराची गोष्ट वेगळी आहे आणि परीक्षणाचा अधिक वेळ त्यालाच द्यायला हवा. इथे रक्कम माइलस्टोनमध्ये, म्हणजे टप्प्यांत विभागलेली असते आणि चालू टप्प्याचे पैसे क्लायंटने आधीच एस्क्रोत, म्हणजे काम मंजूर होईपर्यंत पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यात, जमा केलेले असतात. काम सादर केल्यावर क्लायंटला ते तपासण्यासाठी १४ दिवस मिळतात. त्या अवधीत त्याने मंजुरीही दिली नाही आणि दुरुस्त्याही मागितल्या नाहीत तर पैसे आपोआप सुटतात. त्यानंतर पाच दिवस ती रक्कम सुरक्षेसाठी थांबवली जाते. इथपर्यंत सारे सरळ आहे. अडचण आहे ती टप्पा अर्धवट असताना सोडण्याची. प्रमाणित अटींनुसार ठरीव रकमेचा करार काम पूर्ण होईपर्यंत चालतो आणि त्याआधी संपवायचा तर दुसऱ्या पक्षाची संमती लागते किंवा कराराचा गंभीर भंग झालेला असावा लागतो. पडद्यावर बटण मात्र इथेही आहे, आणि एस्क्रोत पैसे असताना फ्रीलान्सरने स्वतः करार संपवला तर ते पैसे क्लायंटकडे परत जातात. म्हणजे अर्धे काम करून बाहेर पडणाऱ्याच्या हाती, त्याने आधी काही बोलून ठेवले नसेल, तर शून्य येते.

याउलट क्लायंटने करार संपवून एस्क्रोतील पैसे परत मागितले, तर फ्रीलान्सरला ते मान्य करण्यासाठी किंवा वाद उपस्थित करण्यासाठी सात दिवस मिळतात; या सात दिवसांत गप्प बसले तर रक्कम परत जाते. या दोन नियमांची बेरीज केली की योग्य क्रम आपोआप स्पष्ट होतो. सोडण्याचा विचार पक्का झाला तरी आधी क्लायंटशी बोलावे, जेवढे काम झाले आहे तेवढ्यापुरता चालू टप्पा लहान करून घ्यावा किंवा झालेल्या भागाचे पैसे सोडायला सांगावे, पैसे सुटल्याचे दिसल्यावर उरलेल्या रकमेचा निकाल लावावा आणि मग करार बंद करावा. हा क्रम अपवर्कच्या पडद्यावर कुठेही समजावलेला नाही. बटण दाबताना इशारा मिळतो, पण इशारा वाचेपर्यंत माणूस मनाने बाहेर पडलेला असतो. सेवेतली माझ्या मते ही सर्वांत मोठी उणीव आहे, आणि ती तांत्रिक नसून मांडणीची आहे : ‘झालेल्या भागाचे पैसे घेऊन बाहेर पडा’ असा एक सरळ मार्ग द्यायला काहीच हरकत नव्हती.

अर्धवट कामावर मालकी कोणाची, हाही प्रश्न याच टप्प्यावर निघतो आणि त्याचे उत्तर प्रमाणित अटींत फ्रीलान्सरच्या बाजूचे आहे. कामाचे हक्क क्लायंटकडे जातात ते पूर्ण मोबदला मिळाल्यावर. ज्या भागाचे पैसे मिळाले नाहीत तो भाग क्लायंटने वापरावा असे या अटी म्हणत नाहीत. वाटाघाटीत हा मुद्दा दमदाटीसाठी वापरू नये, पण ‘काम देऊन टाका, पैशांचे नंतर पाहू’ असे कोणी म्हणाले तर तो शांतपणे पुढे करायला हरकत नाही. सोडणाऱ्याच्या मनात आधीच थोडी अपराधी भावना असते आणि तिच्यापायी तो जास्तीचे देऊन बसतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता सोपेपणाबद्दल मघाशी अर्धवट ठेवलेली तक्रार. अपवर्कवरचे बटण अपवर्कवरचा करार संपवते. त्याबाहेर तुम्ही क्लायंटशी वेगळा लेखी करार केला असेल, आणि मोठ्या कंपन्या तो हमखास करून घेतात, तर त्यातील नोटीसची अट बटणाने पुसली जात नाही. सेवेच्या नियमांशी विसंगत नसतील तर पक्षांनी आपसांत ठरवलेल्या अटींना अपवर्क जागा देते. मग तीस दिवसांच्या लेखी नोटीसवर सही केली असेल तर ती तीस दिवसांचीच राहते. पडद्यावर करार ‘संपलेला’ दिसतो आणि कागदावर तो चालू असतो. अनेक जण कागद न वाचता सही करतात आणि अपवर्कच्या सोपेपणावर विसंबतात, तेव्हा दोष पूर्णपणे सेवेचा म्हणता येणार नाही. तरीही बटणाजवळ ‘तुमच्या अन्य लेखी करारातील अटी तपासा’ अशी एक ओळ असती तर बरे झाले असते.

असा वेगळा कागद समोर आला की नोटीसच्या कलमात चार गोष्टी पाहाव्यात. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का. क्लायंटला तत्काळ आणि फ्रीलान्सरला महिना अशी विषम अट आश्चर्य वाटावे इतक्या वेळा आढळते. नोटीसच्या काळात किमान कामाची किंवा किमान रकमेची हमी आहे का. नोटीस कशी द्यायची आणि ती कधी मिळाली असे धरायचे, कारण संदेशात दिलेली नोटीस चालते की ठरावीक ईमेल पत्त्यावरच द्यावी लागते यावरून मुदत कधी सुरू झाली हे ठरते. आणि दुसऱ्या बाजूने पैसे थकवले तर नोटीस न देता बाहेर पडता येते का, की आधी चूक सुधारायला काही दिवस द्यावे लागतात. यांतील दुसरी गोष्ट सर्वांत मोलाची आणि सर्वांत क्वचित लिहिलेली. ती सुरुवातीलाच मागितली तर बहुतेक क्लायंट फारशी खळखळ न करता देतात. सोडताना मागितली तर कोणी देत नाही.

वेगळा कागद नसेल तर नोटीसचे वाक्य ऑफर स्वीकारण्याआधीच्या संदेशांत मांडून क्लायंटची लेखी हो घ्यावी. अपवर्कचे संदेश दोन्ही पक्षांसमोर राहतात, त्यामुळे ते पुढे दाखवता येतात. मी साधारण असे लिहितो : ‘आपल्यापैकी कोणालाही हे काम थांबवायचे असल्यास दोन आठवडे आधी संदेशाद्वारे कळवावे, त्या दोन आठवड्यांत साप्ताहिक तास सध्याइतकेच राहतील आणि त्यांतील काही तास हस्तांतरासाठी वापरले जातील.’ यात ‘सध्याइतकेच’ हा शब्द नोटीसला अर्थ देतो. तो काढला तर उरते फक्त सौजन्य.

प्रत्यक्ष सोडतानाचा संदेशही छोटा आणि तारखांचा असावा. शेवटचा दिवस कोणता, तोपर्यंत काय पूर्ण होईल, काय अर्धवट राहील, हस्तांतर कसे करणार आणि शिल्लक पैशांचा हिशेब काय, एवढे पुरे. कारण एका वाक्यात द्यावे किंवा देऊच नये. लांबलचक कारणमीमांसा केली की क्लायंट एकेका कारणावर तोडगा सुचवू लागतो आणि निरोपाचे रूपांतर वाटाघाटीत होते. ‘नवे काम मिळाले’, ‘प्रकृती साथ देत नाही’, ‘कामाचा आवाका ठरल्यापेक्षा वाढला’ यांपैकी जे खरे असेल ते सांगावे. शेवटचे कारण असेल तर मात्र सोडण्याआधी एकदा दर किंवा आवाका यावर बोलून पाहावे, कारण पुष्कळ करार सोडण्याजोगे नसतात, फेररचनेजोगे असतात.

नोटीसचे बंधन नाही तर मग लोक आज कळवून उद्या का निघून जात नाहीत? कारण नोटीस पीरियडचे काम अपवर्कने फ्रीलान्सरच्या प्रोफाइलवर दिसणाऱ्या गुणांकाकडे सोपवले आहे. करार संपल्यावर दोन्ही पक्षांना अभिप्राय देण्यासाठी १४ दिवस मिळतात आणि दोघांनी दिल्याशिवाय किंवा ती मुदत उलटल्याशिवाय एकमेकांचा अभिप्राय दिसत नाही. ही झाकलेली पद्धत मला न्याय्य वाटते. सूडाने उत्तर देण्याची सोय ती काढून टाकते. पण उघड दिसणाऱ्या ताऱ्यांखेरीज क्लायंट एक खासगी अभिप्रायही देतो, जो फ्रीलान्सरला कधीच वाचता येत नाही आणि तरीही ‘जॉब सक्सेस स्कोअर’मध्ये, म्हणजे टक्क्यांत दिल्या जाणाऱ्या या गुणांकात, धरला जातो. घाईने सोडलेल्या क्लायंटने उघडपणे पाच तारे देऊन खासगीत वेगळेच लिहिले, तर त्याचा परिणाम टक्क्यांत दिसतो आणि कारण दिसत नाही. नोकरीत नोटीस न पाळल्याची किंमत निदान आधी माहीत असते. इथे ती नंतर, आणि तीही अंदाजाने कळते.

स्कोअर काढताना अपवर्क सहा, बारा आणि चोवीस महिन्यांचे हिशेब करून त्यांतला सर्वांत चांगला दाखवते, ही त्यातली दिलाशाची बाजू. ज्यांच्याकडे करारांची संख्या मोठी आहे त्यांना एका बिघडलेल्या निरोपाने फारसे काही होत नाही. ज्यांचे मोजकेच करार झाले आहेत त्यांचा आकडा मात्र एका खासगी नाराजीने ठळकपणे खाली येऊ शकतो, आणि ‘टॉप रेटेड’ हा चांगल्या फ्रीलान्सरना अपवर्क देते तो दर्जा किमान ९० टक्क्यांच्या अटीला अडकलेला असतो. त्यातही हा दर्जा मिळालेल्यांनाच एखाद्या कराराचा अभिप्राय हिशेबातून वगळण्याची विनंती करता येते. म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वांत कमी गरज त्याला ते आधी मिळते. नवख्याने म्हणूनच मध्येच सोडण्याचा प्रसंग आला तर एखादा आठवडा अधिक देऊन हस्तांतर नीट करावे असे मी सुचवेन. उदारपणा म्हणून नव्हे, सरळ हिशेब म्हणून.

करार न संपवता नुसते गायब होणे, किंवा तो उघडा ठेवून तास नोंदवणे थांबवणे, हाही एक प्रकार दिसतो. त्याने काहीच साधत नाही. करार चालूच राहतो, क्लायंटची अपेक्षा चालू राहते, ठरीव रकमेच्या कामात मुदत उलटल्याचा मुद्दा त्याच्या हाती जातो आणि तो हवा तेव्हा, हव्या त्या अभिप्रायासह करार बंद करू शकतो. निरोपाची वेळ तरी आपल्या हाती ठेवावी.

बाहेर पडल्यावरही एक बंधन मागे राहते, ते मात्र नोकरदार मंडळींना अनपेक्षित असते. अपवर्कवर भेटलेल्या क्लायंटशी भेटीपासून दोन वर्षे पैशांचा व्यवहार अपवर्कवरूनच करायचा, अशी अट दोन्ही पक्षांनी स्वीकारलेली असते; ती मोडून बाहेर काम करायचे तर आधी ठरावीक शुल्क भरून परवानगी घ्यावी लागते. करार संपला म्हणून ही दोन वर्षे संपत नाहीत. ‘इथला करार बंद करू आणि पुढचे थेट करू’ असे सुचवणारा क्लायंट निरोपाच्या वेळी हटकून भेटतो, आणि असा संदेश अपवर्कच्याच पेटीत लिहिणे म्हणजे खाते धोक्यात घालणे. व्यासपीठाला स्वतःचे उत्पन्न राखायचे आहे हे समजण्यासारखे आहे, पण दोन वर्षे हा काळ मला जास्त वाटतो.

वाद झालाच तर ठरीव रकमेच्या करारात अपवर्क आधी मध्यस्थी करते. तिचा सल्ला बंधनकारक नसतो आणि त्याने भागले नाही तर लवादाची वाट आहे. लहान रकमांसाठी लवादाचा खर्च आणि मनस्ताप परवडत नाही, त्यामुळे व्यवहारात मध्यस्थीवरच निकाल लागतो. मध्यस्थासमोर संदेशांतील तारखा, सादर केलेल्या फायली आणि मान्य झालेले टप्पे एवढेच बोलते. फोनवर ठरलेले काही नाही. कॉल झाल्यावर ‘आपले असे ठरले’ म्हणून दोन ओळी लिहून ठेवण्याची सवय इथे उपयोगी पडते.

तेव्हा मत असे : तासांच्या करारातून बाहेर पडण्यासाठी अपवर्क चांगले आहे, ठरीव रकमेच्या करारातून बाहेर पडण्यासाठी जेमतेम, आणि नोटीस पीरियडच्या बाबतीत त्याने आपली जबाबदारी दोन्ही पक्षांवर सोडून दिली आहे. अटींचा मजकूर वेळोवेळी बदलतो, म्हणून सोडण्याच्या आठवड्यात तो पुन्हा वाचावा. माझी मागणी फार मोठी नाही. क्लायंट ऑफर पाठवतो त्या फॉर्ममध्ये दर, साप्ताहिक मर्यादा आणि टप्पे यांचे रकाने आहेतच. त्यांच्याखाली नोटीसचे दिवस आणि त्या दिवसांतले किमान तास असे आणखी दोन रकाने द्यावेत, ते रिकामे ठेवण्याची मुभाही असावी, आणि भरले असतील तर ‘एंड कॉन्ट्रॅक्ट’ दाबल्यावर करार त्याच क्षणी न संपता त्या तारखेला संपावा.